बोगद्यातला उकाडा आणि आपल्या वावरातलं ऊन

मारेगाव तालुक्यातल्या एका शेतकरी मित्राची मुलगी दोन वर्षांपासून लंडनला नोकरी करते. तिने विचारलं आहे: "काका, मी आपल्या उन्हातच वाढले. पंचेचाळीस अंशात आईसोबत कपाशीच्या पराट्या उपटायला वावरात गेले, तेव्हा कधी काही झालं नाही. इथे बाहेर ३० अंश असतं, आत फार तर ३२-३३. पण सेंट्रल लाइनच्या भुयारी गाडीत उभी राहिले की दहा मिनिटांत डोळ्यांपुढे अंधारी येते. गेल्या आठवड्यात पडता पडता वाचले. माझ्यात काही बिघडलंय का? आणि जुलैत आईबाबा येणार आहेत. बाबांना या गाडीतून न्यावं की नाही?"

पोरी, तुझ्यात काही बिघडलेलं नाही. पण "आम्ही ४५ मध्ये राहतो, आम्हाला ३२ काय करणार" हा जो समज आपल्याकडच्या प्रत्येकाच्या डोक्यात असतो, तो आधी काढावा लागेल. मी डॉक्टर म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात २६ उन्हाळे काढले. मे महिन्यात आमच्या ओसरीवर सलाइन लावायला खिळे कमी पडायचे, इतके ऊन लागलेले लोक पाहिले. आणि गेल्या वर्षी जुलैत लेकीकडे तीन आठवडे राहिलो, तेव्हा तुझ्याच त्या सेंट्रल लाइनने रोज गेलो. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

आपला कूलर आठव. मे महिन्यात वाळ्याची ताटी लावलेला लोखंडी कूलर पहाटे गोधडी घ्यायला लावतो. तोच कूलर, तेच पाणी, तोच पंखा, पण मृगाचे दोन पाऊस पडले की काही उपयोगाचा राहत नाही. नुसती ओल अंगावर फेकतो, चादर चिकट होते, आणि सगळा गाव म्हणतो, "आता कूलर काम करत नाही बाप्पा." बाहेरचं तापमान तर दहा-बारा अंशांनी उतरलेलं असतं! मग कूलर का हरतो? हवा आधीच ओली असते, ताटीवरचं पाणी उडत नाही, आणि पाणी उडाल्याशिवाय गारवा तयार होत नाही.

आपलं शरीरही कूलरच आहे. घाम हे त्याचं पाणी, कातडी ही ताटी. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा जुन्या पिवळ्या १०० वॅटच्या बल्बाएवढी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. ती बाहेर पडली नाही तर आतल्या आत साठते. हवा कातडीपेक्षा, म्हणजे ३५ अंशांच्या आसपासपेक्षा, गरम झाली की ती उष्णता घेत नाही, उलट देते. तेव्हा घाम हाच एक मार्ग उरतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, हे फार मोठं काम आहे. मात्र तो उडायला हवा. हनुवटीवरून टपकलेला, पाठीवरून ओघळून कमरेशी साचलेला घाम फुकट गेला. अंगातलं पाणी आणि मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही.

हे आमच्या शिपायाला आणि आशाताईंना पटावं म्हणून मी एकदा ओसरीवर प्रयोग केला होता. दोन सारखे तापमापक घेतले, एकाच्या फुग्याला ओली गॉज गुंडाळली आणि दोन्ही पंख्यासमोर टांगले. दुपारचे तीन वाजलेले. कोरडा ४५ दाखवत होता, ओला उतरत उतरत २४ वर येऊन थांबला. एकवीस अंशांचा फरक! हवा इतकी कोरडी की पाणी धडाधड उडत होतं. आता तू म्हणतेस तसे ३२ अंश धर, आणि माणसांच्या श्वासाने, घामाने डब्यात ६० टक्के ओल झाली असं समज. त्या हवेत ओला तापमापक साडेपंचवीसच्या आसपासच अडकणार, त्याखाली जाणार नाही. म्हणजे घामाला जो गारवा देता येतो, त्या हिशोबाने तुझी ३२ अंशांची गाडी आपल्या ४५ च्या ओसरीपेक्षा वाईट. दोन्ही ठिकाणचा धोका वेगळा आहे, हे ध्यानात ठेव. वावरात घाम झरझर उडतो, आणि माणसाला कळायच्या आत अंगातलं पाणी संपतं. डब्यात पाणी अंगावरच असतं, पण उडत नाही.

त्यात वारा नाही. वावरात झळ का असेना, हवा हलती असते. गर्दीच्या डब्यात तुझ्या अंगाभोवती तुझ्याच घामाच्या वाफेचा एक थर तयार होतो आणि शेजारच्याचा थर त्याला चिकटतो. शंभर माणसं म्हणजे शंभर बल्ब, आणि प्रत्येक बल्ब वाफ सोडणारा.

तो बोगदा मुळात इतका तापतो कसा, हे मला लेकीच्या घरी बसून समजून घ्यावं लागलं. सेंट्रल लाइन १९०० साली सुरू झाली. लंडनच्या पोटात घट्ट चिकणमाती आहे, आणि हे बोगदे खणले तेव्हा ती १४ अंशांच्या आसपास होती. त्या काळी उन्हाळ्यात भुयारी गाडी थंड असते अशा जाहिराती करायचे! मग गाड्या वाढल्या. गाडी दर दोन-तीन मिनिटांनी वेग घेते आणि पुन्हा थांबते. थांबताना तिचा वेग ब्रेकमध्ये उष्णता होऊन बाहेर पडतो, मोटारीही तापतात. बोगद्यातल्या उष्णतेचा मोठा वाटा गाड्यांचा आहे, माणसांचा त्या मानाने थोडा. ही उष्णता शंभर वर्षांहून जास्त काळ मातीत मुरत गेली, आता ती माती १९ ते २६ अंशांवर आहे. दिवसभर उन्हात तापलेली भिंत रात्री दहा वाजताही पाठ टेकू देत नाही, तसं आहे हे. फक्त ही भिंत शतकभर तापली आहे. एसी का लावत नाहीत, असं तुझ्या बाबांनी मला विचारलं होतं. बोगद्याचा व्यास साडेतीन मीटरच्या आसपास, गाडी त्यात बाटलीतल्या बुचासारखी बसते. एसीने डब्यातली उष्णता बाहेर टाकायची म्हटली तर ती त्याच बोगद्यात पडणार. मुंबईची मेट्रो ३ भुयारीच आहे, पण ती बांधतानाच वातानुकूलित म्हणून बांधली. जुन्या बिळात ते सोपं नाही.

आता तुझ्या शरीराकडे येऊ. उन्हाची सवय ही खरी गोष्ट आहे, पण ती बँकेतल्या ठेवीसारखी पडून राहत नाही. रोज उन्हात काम केलं की एक-दोन आठवड्यांत शरीर बदलतं. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यात मीठ कमी जातं, रक्तातलं पाणी वाढतं, तेवढ्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडतात. म्हणून मार्चमध्ये वैतागणारा मजूर मे महिन्यात निभावून नेतो. पण ऊन सुटलं की ही सवय तीन-चार आठवड्यांत उतरते. पुण्या-मुंबईला शिकणारी पोरं नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, लग्नाला गावी येतात आणि वरातीत नाचून आमच्याकडे सलाइनला येतात, ते याचमुळे. तू दोन वर्षं थंड देशात आहेस. तुझं शरीर आता त्या हवेचं झालं आहे. बालपण उन्हात गेलं याचा आज फारसा फायदा नाही.

तुला जे झालं ते मी आमच्याकडे काळी-पिवळी प्रवासी जीपमध्ये पाहिलं आहे. लग्नसराईचे दिवस होते. वणीहून येणारी काळी-पिवळी, आत सोळा माणसं, झळ नको म्हणून बायांनी खिडक्यांना दुपट्टे बांधलेले. मागच्या आडव्या बाकांच्या मधल्या जागेत एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा वाकून उभा होता, टेरीकॉटचा नवा शर्ट, सकाळपासून पोटात काही नाही. त्याला भोवळ आली. पण दोन्ही बाजूंनी माणसं इतकी दाटलेली की तो पडलाच नाही. मान लटकली, गुडघे मोडले, तरी उभाच राहिला. लोकांना वाटलं झोप लागली. पाच-सात मिनिटांनी त्याचे हातपाय झटकायला लागले तेव्हा कोणीतरी ओरडलं. आमच्या दारात गाडी थांबवली आणि त्याला दोघांनी काखेत धरून, पुन्हा उभंच ठेवून, आत आणायला लागले. त्याची आई मागून, "मिरगी आली हो सायेब माह्या पोराले!" मी आधी ओरडलो, "आडवा करा त्याला, आहे तिथे आडवा करा." पायऱ्यांवरच झोपवला, पाय माझ्या मांडीवर घेतले. दोन मिनिटांत डोळे उघडले आणि म्हणाला, "पाणी." मिरगी नव्हती ती.

यात काय घडतं ते समजून घे, कारण उपाय त्यातच आहे. गरम झालं की शरीर रक्त कातडीकडे पाठवतं, उष्णता बाहेर टाकायला. तू उभी, न हलता. पायांतलं रक्त वर ढकलायचं काम पोटऱ्यांचे स्नायू करतात, पण तू हलत नाहीस म्हणून ते थांबलेले. नाश्ता नाही, पाणी नाही, म्हणून रक्ताचा साठा कमी. मेंदूला रक्त कमी पडतं आणि मेंदू सरळ माणसाला आडवं पाडतो. आडवं पडणं हाच त्याचा उपचार आहे. म्हणून बेशुद्ध माणसाला गर्दीत उभं धरून ठेवणं सगळ्यात वाईट. त्या पोराचे झटके मेंदूला रक्त न मिळाल्याने आले होते.

तर डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले, कानात सूं वाजलं, मळमळलं, की लाजू नकोस. खाली बस. डब्याच्या फरशीवर बस, कपडे मळले तरी चालतील. लोकांना स्पष्ट सांग की चक्कर येते आहे, जागा देतात. मला त्या तीन आठवड्यांत दोनदा दिली. बसायला जमत नसेल तर पाय एकमेकांवर आढी घालून मांड्या, पोटऱ्या, कुल्ले आवळ, मुठी घट्ट मिट, पायाच्या बोटांवर वर-खाली कर. यानं दोन-तीन मिनिटं हाती लागतात, आणि पुढच्या स्टेशनपर्यंत तेवढी पुरतात. दोन स्टेशनांच्या मध्ये असताना धोक्याचा अलार्म ओढायची घाई करू नकोस. बोगद्यात गाडी अडकली तर मदत दूर आणि सगळा डबा आणखी तापतो. पुढच्या स्टेशनावर उतर, तिथे माणसं असतात, आडवं व्हायला जागा असते. एक गाडी सुटली तर सुटू दे.

पण इथवर येऊच नये, म्हणून सकाळपासून सुरुवात कर. तू लिहितेस की नाश्ता ऑफिसात करतेस आणि गाडीत लघवीची अडचण होऊ नये म्हणून पाणी पीत नाहीस. हे मला आमच्या शाळेतल्या शिक्षिकांनी, एसटीच्या वाहक बायांनी वर्षानुवर्षं सांगितलं आहे, आणि त्यातल्या कितीजणींच्या मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गावर मी औषधं लिहिली. निघण्याच्या तासभर आधी दोन ग्लास पाणी पी, लघवीला जाऊन मग निघ. अर्ध्या लिटरची बाटली जवळ ठेव, घोट घोट पी. पोटात काहीतरी खारट असलेलं पडू दे. थालीपीठ, पोळी, उपमा, काहीही. पूर्व लंडनमध्ये तुर्की दुकानांत अय्रान नावाचं पेय मिळतं, ते म्हणजे आपला खारा मठ्ठाच, मी तिथे रोज प्यायचो. तुझ्या भागात कैऱ्या मिळतात, पन्ह्याचा अर्क करून फ्रीजमध्ये ठेव. गूळ, मीठ आणि पाणी यांचं ते मिश्रण आतड्यातून चांगलं शोषलं जातं. ओआरएसची पुडी मात्र रोज प्यायचं सरबत समजू नकोस. जुलाब, उलट्या, किंवा खूप घाम गेल्यावर ती घ्यायची, आणि पूर्ण पुडी, तिच्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात (आपली मोठी पुडी एक लिटरची असते). आपल्याकडे चिमूट चिमूट ग्लासात टाकतात, ती चूक फार महागात पडते. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. आणि नुसतं पाणीच पाणी ढोसायचं, तेही नको. लघवी फिकट पिवळी आहे ना, एवढं पाहत जा.

दुपट्ट्याबद्दल तुझ्या आईने मला फोन केला होता. तिचं म्हणणं, "डॉक्टर, तिले सांगा कानाले बांधून जात जा म्हणून." मी तिला समजावलं, तुलाही सांगतो. आपल्याकडे कान-डोकं-तोंड झाकतो ते बरोबरच आहे. वरून ऊन, समोरून ४५ अंशांची झळ. कापड त्या दोन्हींना अडवतं, आणि ओलं केलं तर आत गारही राहतं. बोगद्यात ऊन नाही, हवाही कातडीपेक्षा थंड आहे. तिथे कापड बांधलंस तर घामाला अडवशील. आपल्याकडे झाकायचं, तिथे उघडायचं. मान, कपाळ, कोपरापासून पुढचे हात मोकळे ठेव. कोट ऑफिसात जाऊन घाल, तोवर पिशवीत. अंगाला चिकटणारं, पॉलिस्टरचं काही नको. सैल सुती किंवा लिननचा सदरा घाल.

पंख्याचंही तसंच उलट आहे. आपल्याकडे ४५ ला नुसता पंखा लावला तर भट्टीची हवा अंगावर येते. म्हणूनच कूलर, म्हणूनच पंख्यापुढे ओली चादर टांगतो. पण ३२-३३ ला हवा अजून कातडीपेक्षा थंड असते, तिथे साधा हातपंखासुद्धा मोठं काम करतो. तो वाफेचा थर बाजूला सारतो. लोक पर्समध्ये बॅटरीवरचा छोटा पंखा ठेवतात, तो घे. एक छोटी फवारणीची बाटलीही घे. मानेवर, हातांवर पाणी उडव आणि वर पंखा धर, म्हणजे घाम खर्च न करता गारवा मिळेल. डब्याच्या टोकाला, दोन डब्यांच्या मधल्या दारात जी खिडकी असते ती खाली ओढता येते. गाडी पळायला लागली की तिथे वारा लागतो. आवाज फार होतो, पण उभं राहायला तीच जागा बरी. ऑफिसात पोचल्यावर कोपरापर्यंत हात थंड पाण्याच्या नळाखाली किंवा भरलेल्या बेसिनमध्ये पाच-दहा मिनिटं धर. हातांतून जाणारं रक्त गार होऊन आत फिरतं. बाया वावरातून आल्यावर मोटारीच्या पाटात हात-पाय बुडवून बसतात, ते उगाच नाही.

आणखी एक, जे मला तुझ्या रस्त्याचा नकाशा पाहून सुचलं. तू लेटनला बसतेस आणि टॉटनहॅम कोर्ट रोडला उतरतेस. पुढच्याच स्टेशनवर, स्ट्रॅटफर्डला, उतरून एलिझाबेथ लाइन पकड. ती २०२२ मध्ये सुरू झाली, तिच्या गाड्या वातानुकूलित आहेत, आणि ती लिव्हरपूल स्ट्रीटवरून थेट तुझ्या टॉटनहॅम कोर्ट रोडलाच येते. सर्कल, डिस्ट्रिक्ट, मेट्रोपॉलिटन, हॅमरस्मिथ अँड सिटी या लाइनींच्या गाड्यांतही एसी आहे. लोकांना सवयीचा रस्ता सोडवत नाही. पण उकाड्याचे ते दहा-पंधरा दिवस तरी बदल. ऑफिसची वेळ तासभर अलीकडे घेता आली तर त्याहून उत्तम. साहेबाला विचारायला काही जात नाही.

खिशातल्या कांद्याबद्दलही तुझ्या आईने विचारलं. माझी आईही मला कांदा देऊनच शाळेत पाठवायची, त्यामागची माया मी जाणतो. पण खिशातला कांदा ऊन थांबवत नाही. आणि तो आहे म्हणून माणूस बेफिकीर होतो, ते मी पाहिलं आहे. भाकरीसोबत खा, चांगला आहे.

आता जे तुला कदाचित कधीच लागणार नाही, पण माहीत असलंच पाहिजे. भोवळ, थकवा, डोकं दुखणं, मळमळ, अंग घामाने थबथबलेलं, पण माणूस नीट बोलतो आहे: अशाला गार जागी आडवं करायचं, पाय वर, कपडे सैल, पाणी पाजायचं, वारा घालायचा. अर्ध्या तासात माणूस उठून बसला पाहिजे. नाही बसला, तर तुमच्याकडे ९९९, आपल्याकडे १०८. आणि माणूस बरळायला लागला, ओळख विसरला, चालताना झोकांड्या खातो, किंवा फिट आली, शुद्ध हरपली आणि आडवं करूनही लगेच सावरला नाही, तर तो उष्माघात समजायचा. तिथे अर्धा तास थांबायचंच नाही. अंग कोरडंच असतं असं जुन्या पुस्तकात वाचून लोक फसतात. कष्ट करताना लागलेल्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलंही असतं. बोलण्यातला फरक ओळखायचा.

२३ मे २०१३ ला नागपूरला ४७.९ अंश नोंदले गेले. त्याच आठवड्यात आमच्याकडे एका वीटभट्टीवरून चाळिशीतला माणूस आणला. "ताप चढला" म्हणून घरच्यांनी घोंगडीत गुंडाळलेला, तळपायाला कांद्याचा रस चोळलेला, तापाची गोळी दिलेली. या तापावर ती गोळी चालत नाही, कारण हा ताप मेंदूने चढवलेला नसतो, अंगात साठलेल्या उष्णतेचा असतो. गुदद्वारात तापमापक घातला, ४२. तो मला त्याच्या मेलेल्या बैलाच्या नावाने हाक मारत होता. आत नेलंच नाही. कडुनिंबाखाली सुतळीची बाज टाकली, घोंगडी-कपडे काढले, बोअरच्या पाण्याचा पाइप सोडला. बाजेतून पाणी खाली गळून जातं, वरून हवा लागते, खालूनही लागते. अशा कामाला तिच्याइतकी चांगली खाट दवाखान्यात नसते. ओसरीतला कूलर दोघांनी उचलून बाजेशी लावला, बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणून मानेला, काखेत, जांघेत ठेवला. त्याची बायको पायाशी बसून न थांबता हातपाय चोळत होती. पस्तीस मिनिटांनी पारा ३९ ला आला, तेव्हा पाणी थांबवून त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घातला. तो वाचला. पुढची तीन-चार वर्षं पोळ्याला भेटायला यायचा. आधी पाठवून रस्त्यात गार करू म्हटलं असतं, तर वाचला नसता. कोणी असं दिसलं तर हेच कर: फोन एकीकडे, पाणी आणि वारा दुसरीकडे, आणि बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

दोन गोष्टी खास तुझ्या घरच्या. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार खूप आहे, आणि तू शाळेत असताना आमच्या पथकाने तुमच्या वर्गाची तपासणी केली होती. तपासणीच्या तुझ्या कार्डावर काय निघालं होतं, आजार, वाहक की काहीच नाही, मला आठवत नाही. आजार असलेल्याला अंगातलं पाणी कमी झालं की हाडं-सांधे-छाती यांत भयंकर कळा सुरू होतात, कारण रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. नुसत्या वाहकाला, म्हणजे ज्याला एकाच पालकाकडून हा दोष आला आहे त्याला, रोजच्या प्रवासात सहसा त्रास होत नाही, पण त्यानेही उकाड्यात उपाशी-तहानलेलं राहून धावपळ करू नये. तुझ्यासोबत आपल्या भागातली जी दोन मुलं राहतात म्हणालीस, त्यांनाही विचार. ज्याला आजार आहे त्याने तिथल्या डॉक्टरला ते आधीच सांगून ठेवावं. कळा उठल्यावर तिथे समजावत बसायला नको.

आणि बाबा. त्यांना बीपीसाठी जी गोळी चालू आहे, तिच्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं आहे. उन्हाळ्यात अशा गोळीने पाणी आणि मीठ जास्त जातं, उठताना चक्कर येते. साठी ओलांडली की तहानही उशिरा कळते. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, हे त्यांना बजाव. आमच्याकडे लोक उन्हाळा आला की गोळी सोडतात आणि लकवा घेऊन येतात. निघण्याच्या पंधरा दिवस आधी त्यांना माझ्याकडे पाठव. बसलेलं आणि उभं राहिलेलं, दोन्ही बीपी मोजतो, रक्तातलं सोडियम तपासतो, मात्रा बदलायची असेल तर तेव्हाच बदलतो. सर्दीसाठी, झोपेसाठी परस्पर काही घेत असतील तर त्या पुड्याही आणायला सांग. त्यातली काही औषधं घाम कमी करतात.

त्यांना सेंट्रल लाइनने नेऊ नकोस. एसीच्या गाडीने ने, सकाळी दहानंतर आणि दुपारी चारच्या आत, म्हणजे बसायला जागा मिळते. आणि तुझं ते कार्ड पेटीत सापडलं तर त्याचा फोटो मला आजच पाठव.